आधी मोजा, मग सही करा



उन्हाळ्यात विहीर आटली, सौरपंप चार-पाच महिने बंद राहिला. आता कपाशीची बोंडं भरायच्या वेळी पंप सुरू केला, तर धार बारीक. पुरवठादाराचा माणूस बांधावरूनच बघतो आणि सांगतो, 'पॅनेल जुनी झाली.' हे मान्य करू नका.

चांगलं पॅनेल वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का उतरतं. दोन-तीन वर्षांत चौथा हिस्सा गेला, तर कारण दुसरं शोधा: धूळ, पाखरांची विष्ठा, वाढलेल्या झाडाची सावली, उंदरानं कुरतडलेली वायर, गंजलेला जोड. नुसत्या धारेवरूनही ठरवू नका. विहिरीचं पाणी खोल गेलं तरी धार बारीक होते.

निरभ्र दिवशी भर दुपारी तंत्रज्ञाकडून व्होल्टेज आणि करंट मोजून घ्या. तारा स्वतः उघडू नका. उन्हात त्या जिवंत असतात. दुसऱ्या सकाळी गार पॅनेल धुवा आणि दुपारी पुन्हा मोजायला लावा. जो फरक पडला, तो धुळीचा. एकच पॅनेल मागं राहिलं, तर दोष तिथं. पाटीवरचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात; तापलेलं पॅनेल थोडं कमीच देणार, तेवढी सूट द्या. त्याहून जास्त देऊ नका.

२०१९ मध्ये आलेल्या पीएम-कुसुम योजनेच्या पंपाची ५ वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच आहे. कापसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मग इथंच डोळे झाकून सही का? आकडे कागदावर येईपर्यंत सही नाही!