कार्ड चालतं, पण दुकान कधी उघडं?

दिवाळी झाली की बीडकडची ऊसतोड मंडळी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर कारखान्यांच्या हद्दीत उतरतात. चार-पाच महिन्यांचा संसार. कोपी उभी करायची, पाणी कुठून भरायचं, दळण कुठं टाकायचं, पोरांच्या शाळेचं काय, सगळं पहिल्यापासून.

'वन नेशन, वन रेशन कार्ड'मुळं गावाकडचं कार्ड इथंही चालतं. चांगलंच आहे की! पण पहाटे फडात गेलेला कोयता अंधार पडल्यावर परततो, तोवर दुकानाचं शटर खाली. खाडा केला तर मुकादम उचलीतून कापणार. मग किराणातून विकतचं धान्य, तेही उधारीवर.

तहसीलदारसाहेब, हंगामापुरतं तरी आठवड्यातून एक दिवस रात्री नऊपर्यंत रेशन दुकानं उघडी ठेवायला सांगा. आणि कोयत्यानं घासलेला अंगठा मशीननं घेतला नाही, तर माघारी पाठवू नका.