पेटीतील पंतोजी

खेळ शिकण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे खेळणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसणे. सारीपाट, बुद्धिबळ किंवा पत्ते यांचे नियम पुस्तकातून शिकणारा विरळाच. घरातील कोणीतरी जाणते माणूस मुलाला जवळ बसवून घेते, दोन-चार डाव हरू देते आणि नियम हळूहळू अंगवळणी पडतात. परंतु जो खेळ घरात कोणालाच येत नाही, तो शिकवायचा कोणी? तेथे हे काम खेळाच्या पेटीवरच येऊन पडते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या जातकुळीतील कल्पनारम्य खेळांच्या ज्या पेट्या नवशिक्यांसाठी निघतात, त्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे पेटीने पंतोजी होण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

या खेळांना ‘रोलप्लेइंग गेम’ असे म्हणतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. मूळ खेळात त्याला ‘डंजन मास्टर’ हे नाव आहे. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, तर कोणी धर्मोपासक. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि आपले पात्र त्या प्रसंगी काय करील, हे खेळाडू सांगतात. यशाची खात्री नसेल तेथे फासा टाकला जातो. हे फासे केवळ सहा पैलूंचे नसतात. चार, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचेही असतात. या खेळात एक जिंकला आणि दुसरा हरला, असे होत नाही. कथा एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत पुढे चालू राहते.

नवशिक्यांच्या पेटीला पंतोजी मानले, तर कोणत्याही शिक्षकाला विचारावेत असे दोन प्रश्न तिलाही विचारता येतात. शिकवण्याची सुरुवात कोठून होते? आणि शाबासकी कशाला मिळते?

पहिल्या प्रश्नापासून आरंभ करावा. १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ ‘टीएसआर’ या संस्थेने प्रथम प्रसिद्ध केला. एका छोट्या पेटीत तीन पुस्तिका होत्या आणि किंमत दहा डॉलर होती. त्या पुस्तिका लिहिल्या होत्या लघुप्रतिमांच्या साहाय्याने युद्धखेळ खेळणाऱ्या जाणकारांसाठी. वाचकाजवळ ‘चेनमेल’ नावाचे आधीचे नियमपुस्तक असेल, असे त्यांत गृहीत धरलेले होते. त्यामुळे पुस्तिका वाचूनही पहिल्या दिवशी टेबलावर बसून नेमके काय बोलायचे, हे नव्या माणसाला उमगत नसे. खेळ पसरला तो मुख्यतः एकाने दुसऱ्याला दाखवून. ज्याच्या ओळखीत खेळणारे कोणी नव्हते, त्याच्यासाठी ती पेटी जवळजवळ बंदच होती.

ती उघडून देण्याचे काम एका मेंदूविकारतज्ज्ञाने केले. डॉ. जे. एरिक होम्स हे वैद्यकाचे प्राध्यापक होते. विखुरलेले नियम त्यांनी नवख्या वाचकासाठी एकत्र करून नीट लावले आणि १९७७ मध्ये ‘बेसिक सेट’ निघाला. त्यात खेळाच्या पहिल्या तीनच पायऱ्या होत्या. पुढचे सारे गाळण्याचा हा निर्णय शिक्षकाचा होता. या पेटीला मागणी इतकी वाढली, की १९७९ च्या सुमारास फासे अपुरे पडू लागले. तेव्हा काही पेट्यांत फाशांऐवजी अंक छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालण्यात आले. ते तुकडे कापून पेल्यात टाकायचे आणि न पाहता एक उचलायचा. खेळ त्यावाचून अडला नाही.

१९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांनी हाच संच नव्याने लिहिला. चौसष्ट पृष्ठांचे नियमपुस्तक, त्यासोबत ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही सीमेवरील गढीची तयार मोहीम आणि फाशांवरील खोदलेले अंक रंगवण्यासाठी एक रंगीत खडू, असे त्याचे स्वरूप होते. नियमांच्या जोडीला टेबलावरील संभाषणाचा सविस्तर नमुना दिलेला होता. सूत्रधार काय म्हणतो, खेळाडू काय उत्तर देतात, कोणाचा निष्काळजीपणा कोणाला भोवतो, हे त्यात वाचकाला ऐकू येते. शेजारी बसून खेळ पाहण्याची जुनी रीत अशा प्रकारे कागदावर आली.

त्यापुढचे पाऊल १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी टाकले. लॅरी एल्मोर यांचे चित्र असलेली ही लाल पेटी फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी अशा कितीतरी भाषांत पोहोचली. तिच्यातील पहिली पुस्तिका नियमांनी सुरू होत नाही. वाचक स्वतःच एक योद्धा होऊन एकटा एका गुहेकडे निघतो. वाटेत गरज पडेल तेव्हा एकेक नियम भेटतो आणि लगेच वापरला जातो. गुहेत त्याला अलीना नावाची धर्मोपासिका भेटते. ती त्याच्या जखमेवर उपचार करते, चार गोष्टी समजावून सांगते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या हातून मारली जाते. वाचकाला ते टाळता येत नाही. तिचा देह उचलून तो गावाकडे परततो. या पेटीवर खेळ शिकलेले अनेक जण आज प्रौढ झाले आहेत. त्यांना तेव्हाचे कोष्टक आठवणार नाही, पण अलीना आठवते. आकड्यांच्या आड माणूस असतो, हा धडा नियमांच्याही आधी दिलेला होता.

पुढील चांगल्या पेट्यांनी हाच मार्ग धरला. २०१४ च्या ‘स्टार्टर सेट’मध्ये पाच पात्रे आधीच तयार करून दिलेली होती, नियमांची पुस्तिका बत्तीस पृष्ठांची होती आणि मोहिमेची त्याच्या दुप्पट. रस्त्यात मरून पडलेले दोन घोडे दिसतात, तेथूनच खेळाला आरंभ होतो. पायझो या प्रकाशनसंस्थेच्या ‘पाथफाइंडर’ खेळाच्या २०२० मधील पेटीत आधी एकट्याने वाचायची कथा आहे. नंतरच्या मोहिमेत नवनव्या दालनांत शिरता शिरता एकेक नवा नियम कळत जातो.

आता दुसरा प्रश्न. या पेट्यांच्या मुखपृष्ठांवर बहुधा तलवार आणि ड्रॅगन असतात. ज्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालायला शिकवले जाते, तेथे हे चित्र पाहून पालक थबकले तर ते स्वाभाविकच आहे. मात्र त्यांच्या शंकेचे उत्तर मुखपृष्ठावर मिळत नाही. ते पुस्तकाच्या आत, गुणांच्या कोष्टकात असते. पात्र कोणत्या कृत्याने पुढची पायरी चढते, हे त्या कोष्टकात लिहिलेले असते. आणि शाबासकी ज्या कृत्याला मिळते, ते मूल पुन्हा करते, हे शाळेतही खरे आणि खेळातही खरे.

१९८१ च्या संचाचे उदाहरण घ्यावे. त्यात योद्ध्याला दुसरी पायरी गाठण्यासाठी २००० गुण लागतात. एका गॉब्लिनला, म्हणजे गुहेत राहणाऱ्या खुज्या राक्षसाला, हरवल्याचे गुण फक्त ५. केवळ लढून पुढे जायचे ठरवले, तर एका योद्ध्याच्या वाट्याला ४०० गॉब्लिन यावे लागतील. आणि पहिल्या पायरीवरील पात्र एक-दोन घावांतच कोसळू शकते. शिवाय हरवणे म्हणजे मारणेच असे नाही. युक्तीने केलेली मातही गुणांना पात्र ठरते.

याच संचात आणखी एक नियम आहे. समोर आलेला प्राणी कसा वागेल, हे सूत्रधाराने आधी ठरवलेले नसेल, तर दोन फासे टाकून ठरवायचे. बेरीज २ आली, तरच तो तत्काळ हल्ला करतो. ६ ते ८ आली, तर तो संभ्रमात असतो. ९ ते ११ आली, तर तो निघून जातो किंवा बोलणी ऐकून घेतो, आणि १२ आली तर चक्क मित्र होतो. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी २ ही बेरीज एकदाच येते. अनोळखी दिसला की तलवार उपसावी, असे हा नियम सांगत नाही. आधी थांबावे, बोलून पाहावे, हा शहाणपणा त्या कोष्टकात आहे.

तथापि या संचाचीही एक उणीव सांगितली पाहिजे. त्यात बहुतेक गुण मिळतात ते सुरक्षित परत आणलेल्या धनासाठी. एका सुवर्णनाण्यामागे एक गुण. हिंसेची शाबासकी कमी झाली, पण तिची जागा संग्रहाने घेतली. २०१४ च्या संचात काटा पुन्हा दुसरीकडे झुकला. तेथे दुसऱ्या पायरीला ३०० गुण पुरतात आणि एका गॉब्लिनचे ५० मिळतात. काही कामगिऱ्यांसाठीही गुण आहेत, परंतु लढाईचे मोल स्पष्टपणे वाढले आहे. २०१९ च्या ‘इसेन्शियल्स किट’ने तिसरी वाट काढली. त्यातील मोहिमेत मारलेले शत्रू किंवा जमवलेली नाणी मोजली जात नाहीत. अंगावर घेतलेली कामगिरी तडीस नेली, की पायरी मिळते. याच संचात एक सूत्रधार आणि एकच खेळाडू असले, तरी खेळ चालावा अशी सोय आहे. आजी आणि नात, किंवा वडील आणि मुलगा, एवढ्यांनाही तो पुरतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले होते. मुले त्यामुळे सैतानाच्या नादी लागतात, आत्मघात करतात, असे आरोप झाले. ते पुराव्याने सिद्ध झाले नाहीत. त्या गदारोळात चित्रांतील राक्षसांवर आणि मंत्रांच्या नावांवर पुष्कळ बोलले गेले. खेळ कशाला गुण देतो, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला.

घरात अशी पेटी आणण्याचा विचार असेल, तर पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या पुस्तिकेची सुरुवातीची चार-पाच पाने चाळावीत. तेथे मुलाला काही करायला मिळत असेल, तर ती पेटी शिकवू जाणते. पाने केवळ व्याख्यांनी भरली असतील, तर ती दुसऱ्या कोणा जाणत्यासाठी लिहिलेली आहे. मग पुढची पायरी कशी मिळते, ते शोधून वाचावे. तिसरी गोष्ट, पहिला सूत्रधार घरातील मोठ्याने व्हावे. पुस्तिका इंग्रजीत असतात, परंतु हा खेळ मुळात बोलण्याचा असल्यामुळे टेबलावरची भाषा मराठी असायला कसलीच आडकाठी नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूलभूत नियम प्रकाशकांनी २०१४ पासून विनामूल्यही उपलब्ध केले आहेत, त्यामुळे पेटी विकत घेण्यापूर्वी खेळाची ओळख करून घेता येते.

सूत्रधाराच्या हाती आणखी एक अधिकार असतो. गुणांचा नियम त्याला बदलता येतो. वैऱ्याशी समेट केला, बंदिवानाला सोडवले, सापडलेले धन ज्याचे त्याला परत केले, यासाठी गुण द्यायचे असे त्याने सुरुवातीलाच जाहीर केले, तर खेळाडूंच्या युक्त्याही त्याच दिशेने धावू लागतात. पेटीतील पंतोजीला घरातील वडीलधाऱ्याने अशी जोड दिली, तर राक्षसांच्या गुहेतही मुलाला विवेकाचा अभ्यास घडतो.

काही महिन्यांनी तेच मूल म्हणेल, की आता सूत्रधार मी होतो. त्या दिवशी ते पात्रांना कशाबद्दल गुण देते, हे वडीलधाऱ्यांनी शांतपणे पाहावे. मागच्या बैठकांत ते काय शिकले, ते तेथे दिसेल.