मेक्सिकोचा घोटलेला घेवडा

मेक्सिकोत शिजवलेला घेवडा घोटून, परतून मक्याच्या पातळ भाकरीबरोबर खातात. जुन्या रीतीत तो डुकराच्या चरबीत परततात. म्हणून परदेशी गेलेल्या मुलाला कळवा, तयार डबा घेताना त्यात चरबी आहे का ते वाचून घे.

घरची शाकाहारी रीत सोपी आहे. पाव किलो वाघ्या घेवडा रात्रभर भिजवा. ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगला उकळून मऊ शिजवा; कच्चा राहिला तर उलट्या होतात. चार चमचे तेलात कांदा-लसूण तांबूस परता. घेवडा, मीठ घालून पळीने घोटा. शिजवलेले पाणी फेकू नका. तेच थोडे थोडे घातले की चरबीवाचूनही मऊपणा येतो. गरम भाकरीबरोबर वाढा.