बंगल्याच्या जागी काय उभे राहावे?

प्रभात रस्त्याच्या आणि एरंडवण्याच्या गल्ल्यांत बंगले पाडण्याचे काम आता पुणेकरांस नवलाचे राहिलेले नाही. एका कुटुंबासाठी आखलेल्या भूखंडावर अनेक कुटुंबांनी राहावे काय, हा वादही वस्तुतः मिटला आहे. त्यांनी राहावे, असेच आमचे मत आहे. मुले परदेशी, वरच्या खोल्या कुलूपबंद, अशा वास्तूंनी शहराच्या मध्यावरील जमीन अडवावी आणि शाळाशिक्षकाने शहराच्या पार कडेवरून रोज दोन बस बदलून यावे, हा न्याय नव्हे. १ ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन जिमखान्यावर मेट्रोही येऊ लागली आहे. बंगल्यांच्या सौंदर्यासाठी गळा काढणारांत बंगल्याचे मालक क्वचितच आढळतात, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे.

प्रश्न आहे तो नियमांचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्रास एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तिचा सारा भर समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आहे. रस्ता ९ मीटरांहून अरुंद असेल, तर चटई क्षेत्र निर्देशांक १.१०, तो ९ मीटरांचा ठरला की अधिमूल्य भरून आणि टीडीआर विकत घेऊन हाच निर्देशांक २ पर्यंत जातो. त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र वेगळे. म्हणजे ५,००० चौरस फुटांच्या भूखंडावर ढोबळ मानाने ८,८०० चौरस फुटांऐवजी १६,००० चौरस फूट. एवढी किमया रस्त्याच्या रुंदीचा आकडा बदलल्याने होते!

हा आकडा बदलण्यासाठीच महापालिकेने ६ मीटरांचे तीनशेहून अधिक रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव २०२० साली पुढे आणला. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण अशी रुंदी एकदम मिळत नसते. ज्याचे बांधकाम नवे, त्याची भिंत मागे सरते. शेजारच्याची जुनी भिंत आहे तेथेच राहते. गल्ली करवतीच्या दात्यांसारखी होते. नकाशावर ती ९ मीटरांची असेल, पण अग्निशामक बंबाला गल्लीतील सर्वांत अरुंद जागेतूनच जावे लागते, पाण्याच्या टँकरलाही.

टोरांटो शहराने मे २०२३ मध्ये बंगल्यांच्या वस्त्यांतून एका भूखंडावर चार घरांपर्यंत परवानगी दिली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी कायदा करून तीन-चार, आणि बसची सोय चांगली असेल तेथे सहा घरांची मुभा दिली. तेथील परिस्थिती निराळी. तेथे पूर्वी एकाच घराची सक्ती होती. तथापि त्यांनी घरे मोजली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आम्ही चौरस फूट मोजतो. नळाचे पाणी आणि मैलावाहिनीवरील भार मात्र माणसांच्या संख्येने वाढतो.

आणि चौरस फुटांच्या या हिशेबात ज्यांच्यासाठी बंगला पडावा असे आम्ही म्हणतो, ते बाहेरच राहतात. मालकाला बदली सदनिका, शासन व महापालिकेला अधिमूल्य, टीडीआरची किंमत, हे सारे भागवून विकासकाला जे विकावे लागते ते शिक्षकाच्या पगारात बसत नाही. तीन-चार मजल्यांची, सहा-आठ बिऱ्हाडांची साधी इमारत या पेठेपलीकडच्या पुण्याला पूर्वी चांगली परिचित होती. आज ती कोणी बांधीत नाही, कारण ती बांधण्यात कोणाचाच लाभ उरलेला नाही.

नगरविकास खात्याने या इमारतीला अधिमूल्यात सूट द्यावी आणि वाढीव क्षेत्र लहान सदनिकांपुरतेच ठेवावे. महापालिकेनेही नव्या परवानगीपूर्वी गल्लीची रुंदी अर्जदाराच्या दारात न मोजता मुख्य रस्त्याच्या तोंडापासून मोजीत यावे, आणि जेथे ती सर्वांत कमी भरेल तोच आकडा कागदावर लिहावा.