शस्त्रक्रियेपुढचा रकाना

मुळशी धरणाच्या परिसरातल्या माले गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पौडला ग्रामीण रुग्णालय, औंधला जिल्हा रुग्णालय. कागदावर ही साखळी सलग दिसते. तालुक्यातल्या कातकरी किंवा धनगर वस्तीवरच्या म्हातारीला मात्र प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी सोबत लागते. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, आणि भातलावणीच्या दिवसांत तर कुणी मोकळंच नसतं.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा. गावागणिक दृष्टिहीनांची नोंदवही ठेवण्याची कल्पनाही त्यातलीच, आणि ती मोलाची आहे. आशाताई घरी येते, लांबून बोटं मोजायला लावते, शिबिराची तारीख सांगते. ऑपरेशन झालं की नावापुढे खूण होते. खरी पंचाईत इथून पुढे.

२०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के आढळलं. त्यात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के, हा आकडा सगळेच सांगतात. त्याच यादीतला दुसरा आकडा फारसा कानावर येत नाही: ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. म्हणजे ही माणसं रुग्णालयाच्या टेबलापर्यंत पोचली होती, तरीही नजर गेली.

ऑपरेशननंतर डोळ्यात घालायचे थेंब आठवड्यागणिक कमी करत न्यायचे असतात. लाली वाढली, ठणका लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. महिना-दीड महिन्याने नंबर तपासायचा. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचा पडदा धुरकट होऊ शकतो; लेसरने तो काही मिनिटांत मोकळा होतो. पण हे सांगायला कुणी आलंच नाही, तर माणूस ऑपरेशन वाया गेलं असं धरून घरी बसतो.

ज्यांचं ऑपरेशनच होणार नाही, त्यांचं काय? काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला अनेकांना रोज, जन्मभर थेंब लागतात. त्यातच २०१७ साली कार्यक्रमाने अंधत्वाची व्याख्या ६/६० वरून ३/६० वर आणली. जेमतेम चार मीटरवरची बोटं मोजू शकणारा माणूस त्यामुळे अंधांच्या मोजणीतून बाहेर पडला. बांधावरून चालताना त्याचा पाय आजही तितकाच चाचपडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीला जागा आहे, तेव्हा अशा माणसाचं नाव वहीतून न खोडता प्रमाणपत्र आणि एसटीच्या सवलतीपर्यंत न्यायला हवं.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. ऑपरेशननंतर आशाताईच्या तीन भेटी ठरवाव्यात आणि प्रत्येक भेटीचा मोबदला तिला मिळावा. रुग्ण शिबिरात पोचवला की तिचं काम संपलं, असं धरू नये. वहीत ऑपरेशनच्या तारखेशेजारी त्यानंतर मोजलेली दृष्टी लिहावी. आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस नेत्रतपासणीसाठी माले केंद्रातच असावा, पावसाळ्यातसुद्धा.