रस्ता आधीं, दिवा मागाहून?

जानेवारी २०२३ मध्यें मुंबईंतील सुमारें ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची पायाभरणी झाली. रस्ते टिकाऊ व्हावेत याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु रस्ता बांधणार म्युनिसिपालिटी, आणि दिव्याचें काम शहरांत बेस्टकडे व उपनगरांत इतर वीजकंपन्यांकडे! अशा व्यवस्थेंत खांबाचा पाया व तारेची नळी हीं दोन्ही रस्त्याच्या अंदाजपत्रकांतच धरलीं पाहिजेत. डांबरी रस्ता उकरून बुजवितां येतो. काँक्रीट एकदां कापलें कीं सांधा जन्माचा राहतो, आणि तो खर्च करदात्याच्याच माथीं बसतो. दिव्याचें बिलहि अखेर तोच भरतो, हें निराळें सांगावयास नको.

काम चालू असतां खांब हलवावे लागतात, हें आम्हांस मान्य आहे. मग तात्पुरते दिवे कंत्राटांत कां नसावेत? खालीं गटार उघडें आणि वर दिवा नाहीं, अशा वाटेनें रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेनें पाऊल कोठें टाकावें? आमची मागणी फार मोठी नाहीं. ज्या दिवशीं रस्त्याचें कंत्राट द्यावयाचें, त्याच दिवशीं दिव्यांचा पैसा वीजकंपनीकडे भरावा. आणि दिवे लागेपर्यंत रस्ता पुरा झाल्याचा दाखला कोणाहि इंजिनिअरानें देऊं नये.