एका शून्याची किंमत

फाइलला भलतंच नाव देऊन ती कायमची हरवणारा महाभाग प्रत्येक ऑफिसात असतोच. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही असाच कुणीतरी होऊन गेला!

मेदिची दरबाराचा संगीतकार आलेस्सांद्रो स्ट्रिज्जो याने १५६०च्या दशकात एक मिस्सा (चर्चमधल्या उपासनेचं गायन हो) रचली. आठ-आठ आवाजांचे पाच गट, म्हणजे चाळीस आवाज, प्रत्येकाची ओळ वेगळी. शेवटी तर साठ! १५६७मध्ये स्वारी ती घेऊन म्युनिक, पॅरिस फिरली. पुढे मिस्सा गुडूप.

होती कुठे? ग्रंथालयातच. फक्त नोंदीत संगीतकार ‘स्ट्रुस्को’ आणि आवाज चार. चार आवाजांच्या मिस्सा ढिगाने पडल्यात, कोण कशाला उघडून बघेल? २००५मध्ये डेव्हिट मोरोनी या अभ्यासकाने उघडली आणि जुलै २००७मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाऊनही घेतली.

ई फॅजोलिनी या ग्रुपचं २०११चं रेकॉर्डिंग आहे. खरं सांगू? मधे मधे जरा संथ वाटतं. पण हेडफोन लावा, शेवटच्या ‘आन्यूस देई’पर्यंत थांबा. साठजण एकदम लागतात ना, तेव्हा लोकलची गर्दीसुद्धा ऐकू येत नाही.